भाडे ट्रान्सपोर्टनगरात नव्हे, आपल्या गेटवर कमी होते: खानदेशातील कारखान्यांसाठी वाहतूक खर्चाचा सविस्तर हिशेब

भूगोलाने खानदेशातील कारखानदाराचे थोडे बरे केले आहे आणि थोडे वाईट. धुळ्याला मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग एकमेकांना भेटतात आणि भुसावळसारखे जंक्शन हाताशी आहे, त्यामुळे गाडी मिळत नाही अशी वेळ इथे क्वचितच येते. परंतु जळगावहून मुंबई, पुणे आणि नागपूर ही तिन्ही शहरे साधारण चारशे किलोमीटरच्या पल्ल्यावर आहेत. पाइप असो, डाळ असो की चटई, गिऱ्हाइकाच्या शेजारी कारखाना असण्याचा फायदा आपल्याला मिळत नाही आणि स्पर्धकापेक्षा दोन पैसे जास्त भाडे आपल्या मालावर कायम चढलेले असते.

मालकाने वाहतूक खर्च कमी करा असे फर्मावले की रवानगी सांभाळणारा माणूस पहिला फोन दलालाला लावतो आणि गाडीमागे हजार-पाचशे कमी करायला सांगतो. मीही कित्येक वर्षे तेच केले. एमआयडीसीत रवानगीचे काम करताना हळूहळू ध्यानात आले की त्या फोनने जेवढे वाचते त्याहून जास्त पैसे गाडीच्या हौद्यात रिकाम्या राहिलेल्या जागेत आणि आपल्या गेटवर ताटकळत उभ्या असलेल्या गाडीच्या तासांत जातात. म्हणून या लेखात दराची घासाघीस शेवटाकडे येईल.

पहिली पायरी: पोहोचलेल्या किलोमागे खर्च काढा

मागील तीन महिन्यांच्या सर्व फेऱ्या एका तक्त्यात घ्याव्यात. प्रत्येक फेरीसमोर ठिकाण, गाडीचा प्रकार, भरलेले वजन, भाडे, हमाली, वाराई (गाडीत माल रचण्या-उतरवण्याची मजुरी), हॉल्टिंग (गाडी थांबवून ठेवल्याचे जादा पैसे), काट्याचा खर्च आणि तूटफूट किंवा परत आलेला माल असे रकाने असावेत. हिशेबाच्या पुस्तकात यांपैकी निम्म्या रकमा वेगवेगळ्या खात्यांत विखुरलेल्या असतात. हमाली मजुरीत जाते, तूटफूट विक्रीच्या सवलतीत जाते आणि हॉल्टिंग किरकोळ खर्चात लपते. त्या एकत्र आणल्यावरच खरा आकडा दिसतो.

समजा, पुण्याला एक गाडी १४ टन डाळ घेऊन २८,००० रुपयांत गेली आणि दुसरी ९ टन घेऊन २४,००० रुपयांत गेली. खात्यावर दुसरी गाडी चार हजारांनी स्वस्त दिसते. किलोमागे पाहिले तर पहिलीचे भाडे २ रुपये आणि दुसरीचे सुमारे २ रुपये ६७ पैसे पडते. हा हिशेब मार्गनिहाय मांडला की पुणे, इंदूर, सुरत, नागपूर यांपैकी पैसा नेमका कुठे गळतो आहे ते कळते, आणि बहुधा सगळी गळती दोन-तीन मार्गांवरच सापडते. बाकीच्या मार्गांवर तूर्त वेळ घालवू नये.

याच तक्त्यात आत येणाऱ्या मालाचे भाडेही धरावे. कच्चा माल ‘पोहोच’ दराने घेतला की भाडे पुरवठादाराच्या बिलात मुरते आणि आपल्याला ते भाडे वाटतच नाही. पुरवठादाराकडून कारखाना दर आणि पोहोच दर असे दोन्ही भाव लेखी मागवावेत. हा आकडा चौथ्या पायरीत लागणार आहे.

दुसरी पायरी: हौद्यातील हवा मोजा

माल वजनी आहे की फुगीर, हे आधी ठरवावे. डाळीची गाडी वजनाने भरते आणि वर निम्मा हौदा रिकामा दिसतो. पाइप, चटई, ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी हा माल ताडपत्रीपर्यंत चढतो आणि काट्यावर मात्र तीन-चार टनही भरत नाही. वजनी मालाला गाडीची वजनक्षमता पाहून गाडी घ्यावी आणि फुगीर मालाला हौद्याची लांबी, रुंदी आणि उंची पाहून घ्यावी. बोलण्यात हे फार सोपे वाटते, परंतु ‘दहा चाकी पाठवा’ एवढेच सांगून गाडी मागवण्याची सवय जात नाही.

पाइपाचे उदाहरण जवळून पाहू. पीव्हीसी पाइपाची नेहमीची लांबी ६ मीटर, म्हणजे फुटांत पावणेवीसच्या आसपास. वीस फुटी हौद्यात तो नेमका बसतो. चोवीस फुटी हौद्यात मागे चार फूट रिकामे राहतात आणि बत्तीस फुटी बंद गाडीत तब्बल बारा फूट. तरीही ‘मोठी गाडी स्वस्त पडते’ म्हणून बत्तीस फुटी गाडी मागवणारे मी पाहिले आहेत. मोठीच घ्यायची तर चाळीस फुटी ट्रेलर घ्यावा, कारण त्यात दोन लांब्या एकापुढे एक बसतात. चोवीस फुटीच मिळाली तर मागच्या चार फुटांत फिटिंगची खोकी लावण्याजोगी ऑर्डर आधीच हाताशी ठेवावी.

यापुढची गोष्ट पाइपात पाइप घालण्याची. साडेसात फूट रुंद आणि सात फूट उंच भरणीत १६० मिलीमीटरचे पाइप एकावर एक रचले तर आडवे १४ आणि उभे १३, म्हणजे १८२ पाइप बसतात. भिंतीची जाडी ४ मिलीमीटर धरली तर एका पाइपाचे वजन १७ किलोंच्या आत राहते आणि अख्खी गाडी ३ टनांवर आटोपते. त्याच प्रत्येक पाइपात ११० मिलीमीटरचा हलक्या दाबाचा पाइप आणि त्यात ६३ मिलीमीटरचा पाइप सरकवला तर तेवढ्याच जागेत ५ टनांच्या आसपास माल जातो आणि भाडे तेच राहते. मात्र त्यासाठी दुकानदाराची ऑर्डर तिन्ही मापांची हवी. विक्रीच्या माणसांना हे समजावून सांगावे, आणि मिश्र मापाच्या पूर्ण गाडीच्या ऑर्डरवर वाचलेल्या भाड्यातील थोडा भाग सवलत म्हणून द्यावा. रचताना सॉकेटची, म्हणजे पाइपाच्या रुंद टोकाची तोंडे आलटूनपालटून ठेवावीत, नाहीतर एका बाजूला ढीग चढतो आणि कसाऱ्याच्या उतारावर दोर सैल पडतो. आतला पाइप बाहेर सरकू नये म्हणून तोंडाला गोणपाट बांधावे. बिलात मापनिहाय नग स्वच्छ लिहावेत, कारण उतरवणाऱ्याला आतले पाइप दिसत नाहीत आणि ‘माल कमी आला’ असा फोन हमखास येतो.

वजनी माल आणि फुगीर माल एकाच गाडीत घालणे हा आणखी एक मार्ग. खाली डाळीची पोती आणि वर चटईचे गठ्ठे, अशी दोन शेजारी कारखान्यांची मिळून भरलेली गाडी दोघांनाही परवडते. जळगावला डाळ, चटई आणि पाइप हे तिन्ही धंदे एकाच औद्योगिक वसाहतीच्या परिसरात असल्यामुळे अशी जोडी जुळवणे इथे जितके सोपे आहे तितके इतरत्र क्वचितच असेल. खाद्यमालासोबत खत, कीटकनाशक किंवा उग्र वासाचे रसायन मात्र कधीही जोडू नये.

गाडी भरायची म्हणजे कायद्याच्या मर्यादेतच भरायची. २०१८ साली केंद्र सरकारने आसभार वाढवला तेव्हा तीन आसांच्या, म्हणजे दहा चाकी ट्रकचे एकूण अनुज्ञेय वजन २५ टनांवरून २८.५ टनांवर गेले. तरीही त्या विशिष्ट गाडीच्या नोंदणी पुस्तकात काय लिहिले आहे तेच ग्राह्य धरावे. जादा भारासाठी मोटार वाहन कायद्यात २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे २,००० रुपये दंड आहे, शिवाय जादा माल रस्त्यात उतरवावा लागतो. दोन टन जास्त घालून वाचवलेले भाडे एकाच दंडात वर्षभरासाठी संपते.

तिसरी पायरी: गेटवरचे तास

माझ्या मते सर्वांत जास्त पैसा या पायरीत आहे आणि इथे एक रुपयाही गुंतवावा लागत नाही. लागते ती एक वही. सुरक्षारक्षकाकडे ती द्यावी आणि प्रत्येक गाडीच्या पाच वेळा लिहून घ्याव्यात: गाडी आत आली, भरणी सुरू झाली, भरणी संपली, बिल हातात पडले, गाडी बाहेर गेली.

मी ज्या कारखान्यात होतो तिथल्या वहीतली एक ओळ अजून आठवते. गाडी ११:१० ला आत, भरणी २:४० ला सुरू, ५:०५ ला पूर्ण, बिल ७:५० ला, बाहेर ८:१५ ला. म्हणजे नऊ तासांत प्रत्यक्ष भरणी अडीच तासांचीही नव्हती. सकाळचे साडेतीन तास गेले, कारण फलाटावर पाइपाच्या कच्च्या मालाची, म्हणजे पीव्हीसी दाण्याची आलेली गाडी उतरत होती. संध्याकाळचे पावणेतीन तास गेले, कारण त्या गिऱ्हाइकाची जुनी उधारी थकलेली होती आणि माल सोडायचा की नाही हे विचारायला साहेबांचा फोन लागत नव्हता. माल गाडीत चढल्यावर उधारीचा प्रश्न विचारला जात होता, यात गाडीवाल्याचा काय दोष? त्या दिवशी गाडीचा मालक मला एवढेच म्हणाला, “गाडी उभी ऱ्हायनी तं डिझेल नई जळत, पन हप्ता जळस ना भाऊ.”

आम्ही तीन बदल केले. उधारीची मंजुरी आदल्या संध्याकाळी पाचपर्यंत मिळाली तरच दुसऱ्या दिवशीची गाडी मागवायची, आत येणारा कच्चा माल सकाळी अकराच्या आत उतरवायचा, आणि रवानगीच्या गाड्यांना अकरा, दोन आणि चार अशा वेळा वाटून द्यायच्या. हमाल टोळीच्या मुकादमाला हे वेळापत्रक आदल्या दिवशी कळवावे लागते, नाहीतर गाडी वेळेवर येते आणि टोळी दुसऱ्या फलाटावर असते. माथाडी मंडळाच्या टोळीशी अशा बाबतीत मुकादमामार्फतच बोलावे. मालकाने थेट हमालाला घाई केली की काम हमखास मंदावते.

आता हे तास दरात कसे उतरवायचे ते पाहू. समजा, गाडीमालकाचा हप्ता, विमा, परवाना, चालकाचा पगार असा गाडी चालो वा उभी राहो होणारा खर्च महिन्याला १,२०,००० रुपये आहे. महिन्यात सहा फेऱ्या झाल्या तर प्रत्येक फेरीवर २०,००० रुपये बसतात आणि सात झाल्या तर सुमारे १७,१४० रुपये. एका वाढीव फेरीने त्याचे फेरीमागे २,८०० रुपयांहून अधिक वाचतात. दोन महिन्यांची वही त्याच्यासमोर ठेवून यातील निम्मे मागावेत. कोरड्या घासाघिशीत पाचशे रुपयांसाठी ताणणारा माणूस वही पाहून हजार-दीड हजार सोडतो, कारण ते त्याच्या खिशातून जात नाहीत हे त्याला दिसते.

वेळेचा संबंध ई-वे बिलाशी, म्हणजे रस्त्याने माल नेताना लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाशीही आहे. त्यातला गाडीच्या तपशिलाचा भाग ‘ब’ भरला की मुदत सुरू होते आणि साधारण मालाला २०० किलोमीटरमागे एक दिवस मिळतो. भरणी संपण्याआधीच बिल काढून ठेवण्याची घाई केली तर मुदतीतला वेळ आपल्याच आवारात जातो. मुदत संपण्याच्या आधी आठ तास आणि नंतर आठ तास एवढ्याच काळात ती वाढवता येते, ही गोष्ट चालकाच्या फोनवर अवलंबून न ठेवता कार्यालयातील एका माणसाकडे सोपवावी.

चौथी पायरी: येणारी आणि जाणारी गाडी जोडा

पाइप कारखान्यांचा पीव्हीसी दाणा मोठ्या प्रमाणात हजिरा-दहेजच्या बाजूने येतो. जी गाडी सुरतेकडून साक्री, धुळे, पारोळा करत आपल्या दारात येते ती रिकामी झाल्यावर परतीचा माल शोधत ट्रान्सपोर्टनगरात उभी राहते, आणि त्याच दिवशी आपण सुरतेच्या गिऱ्हाइकासाठी दुसरी गाडी मागवतो. इथे पहिल्या पायरीतील दोन भाव कामाला येतात. दाणा कारखाना दराने घ्यावा, गाडी आपण ठरवावी आणि जाण्या-येण्याचे मिळून एकच भाडे बोलावे. गाडीमालकाला परतीचा माल बसल्या जागी मिळतो, त्यामुळे दोन वेगळ्या भाड्यांच्या बेरजेपेक्षा हे भाडे नेहमीच कमी पडते. अट एकच, उतरवणे आणि भरणे एकाच दिवशी झाले पाहिजे. तिसरी पायरी जमली नसेल तर चौथीच्या वाटेला जाऊ नये.

आपल्या मालाची आवक-जावक जुळत नसेल तर दुसऱ्याच्या परतीच्या गाड्या शोधाव्यात. केळीच्या गाड्या रावेर, यावल, सावद्याहून भरून उत्तरेकडे जातात, तेव्हा तिकडून या भागात येणाऱ्या गाडीला केळीचे भाडे पक्के असते आणि येतानाचा माल ती कमी दरात उचलते. याचीच दुसरी बाजू अशी की केळीची तोड जोरात असताना दिल्लीकडची गाडी आपल्याला महागच मिळणार. कापसाच्या गाठींच्या हंगामात, होळी-दिवाळीला चालक गावी गेल्यावर आणि मार्चच्या अखेरच्या आठवड्यातही तेच होते. या तारखा कॅलेंडरवर आधीच खुणा करून ठेवाव्यात आणि शक्य तो माल त्यांच्या अलीकडे किंवा पलीकडे सरकवावा.

मार्चचे सोडा, महिन्याचा शेवटचा आठवडा तर बारमाही आहे. विक्रीचे उद्दिष्ट गाठण्यासाठी निम्मा माल २५ तारखेनंतर निघतो, सगळ्यांना एकाच दिवशी गाडी हवी असते आणि मग मागेल ते भाडे द्यावे लागते. ही सवय रवानगी विभागाला एकट्याने मोडता येत नाही. महिन्याच्या पहिल्या दहा दिवसांतील आणि शेवटच्या सहा दिवसांतील किलोमागचे भाडे शेजारी-शेजारी मांडून तो कागद विक्रीप्रमुखापुढे ठेवावा.

पाचवी पायरी: एका रस्त्यावरचे थांबे

एरंडोल, पारोळा, धुळे, साक्री, नवापूर ही गावे एका ओळीत आहेत. प्रत्येक दुकानदाराला वेगळी छोटी गाडी पाठवण्यापेक्षा आठवड्यातील वार ठरवून एकच मोठी गाडी फिरवावी. भरताना नवापूरचा माल आधी, म्हणजे केबिनच्या बाजूला जातो आणि एरंडोलचा सर्वांत शेवटी. बिले ज्या क्रमाने आली त्या क्रमाने भरणी केली तर एरंडोलला अर्धी गाडी उतरवून पुन्हा भरावी लागते आणि हमालीतच सगळी बचत जाते. दर थांब्याचे वेगळे बिल आणि वेगळे ई-वे बिल हवे, आणि थांब्यामागे जादा रक्कम किती ते आधीच ठरलेले हवे.

मार्ग ठरवताना अंतरासोबत घाटही पाहावा. इंदूरकडे बिजासन, सुरतेकडे कोंडाईबारी आणि मुंबईकडे कसारा यांत डिझेल आणि वेळ दोन्ही जातात. चाळीसगावहून कन्नडकडे चढणाऱ्या औट्रम घाटात २०२३ साली उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने अवजड वाहने बंद झाल्यापासून त्या बाजूचे जुने किलोमीटर आणि जुने दर दोन्ही बाद झाले. तरीही काही करारपत्रांत तेच अंतर अजून छापलेले दिसते.

रेल्वेबद्दल थोडक्यात. पूर्ण रेक, म्हणजे अख्खी मालगाडी भरण्याइतका माल आणि सातशे-आठशे किलोमीटरच्या पुढचा पल्ला असेल तरच रेल्वेचा विचार करावा, कारण दोन्ही टोकांना गाडी आणि हमाली वेगळी लागते. मनमाड-इंदूर मार्गाला २०२४ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली आहे, परंतु तिच्या भरवशावर आजचे नियोजन अडवून ठेवण्यात अर्थ नाही.

सहावी पायरी: आता दर बोला

हौदा भरला, गेट सुधारले आणि जोडगाड्या ठरल्या की दराची बोलणी सोपी होतात. मुख्य मार्गांवर दोन किंवा तीन वाहतूकदार ठेवावेत आणि त्यांच्यात मालाचा वाटा आधी ठरवून द्यावा. एकच ठेवला तर तो डोक्यावर बसतो, सहा ठेवले तर कोणालाच आपली गरज राहत नाही. सर्वांत कमी दर देणाऱ्याला सगळा माल देण्याचा मोह आवरावा; तो पहिला महिना गाड्या देतो आणि बाजार चढला की फोन उचलत नाही.

करारात डिझेलचे सूत्र लिहून घ्यावे. भरलेली दहा चाकी गाडी लिटरला सुमारे ४ किलोमीटर जाते असे धरले, तर पुण्याच्या ४०० किलोमीटरला १०० लिटर लागतात. डिझेल लिटरमागे ३ रुपयांनी वाढले तर जातानाची खरी वाढ ३०० रुपये आणि येतानाची धरून ६०० रुपये होते. भाववाढीच्या दिवशी दलाल दीड हजार मागतो, तेव्हा हा हिशेब समोर असावा. भाव उतरला की त्याच सूत्राने दर खाली आला पाहिजे, हेही लिहावे. हॉल्टिंग किती तासांनंतर लागू होईल, वाराई कोण देणार, उरलेले भाडे पोहोच पावती मिळाल्यावर किती दिवसांत देणार, हे तीनही मुद्दे कागदावर हवेत. ‘ज्याचा माल, त्याचा हमाल’ असे वाहतूकदार म्हणतात आणि त्यांचे म्हणणे रास्त आहे. ती रक्कम आपणच धरावी, म्हणजे गिऱ्हाइकाच्या दारात चालकाशी भांडण होत नाही.

दर नेहमी जीएसटी वगळून तुलना करावेत. बिल्टी, म्हणजे माल वाहतुकीला घेतल्याची पावती देणाऱ्या वाहतूकदाराने स्वतः कर भरण्याचा पर्याय घेतलेला नसेल तर ५ टक्के कर आपल्याला भरावा लागतो आणि करपात्र मालासाठी त्याचे क्रेडिट मिळते. धान्य, पीठ, तांदूळ आणि डाळी यांच्या वाहतुकीला या करातून सूट आहे, तेव्हा डाळ मिलवाल्यांनी आपल्या सीएकडून जुन्या नोंदी एकदा तपासून घ्याव्यात.

सातवी पायरी: स्वस्त गाडीची किंमत

एका जुलैत मी ओळख नसलेल्या दलालाकडून बाजारभावापेक्षा दोन हजारांनी कमी दरात गाडी घेतली. ताडपत्री वरून ठीक दिसत होती, पण घडीच्या जागी ती चिरलेली होती. मुंबईला गाडी उघडली तेव्हा वरच्या दोन थरांतील पोती भिजून डाळीला वास सुटला होता. भरपाई मागितली तेव्हा बिल्टीवर मालाची किंमत लिहिलेलीच नव्हती. मालाचे अधिक मूल्य जाहीर केलेले नसेल तर रस्तावाहतुकीच्या नियमांनुसार वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहा पटींपर्यंतच राहते. भाडे ३०,००० असेल तर ३ लाख, आणि गाडीत माल पंधरा लाखांचा.

तेव्हापासून गाडी फलाटाला लागण्याआधी ताडपत्री जमिनीवर पसरून उन्हाकडे धरून पाहण्याचा नियम मी केला. नोंदणी, फिटनेस, विमा आणि चालकाचा परवाना मोबाइलवर तपासावा, चालकाचा नंबर स्वतः लावून पाहावा आणि मालाचा ट्रान्झिट विमा गाडीच्या विम्याहून वेगळा काढावा. माल भिजला, फुटला किंवा कमी निघाला तर गिऱ्हाइकाने तो शेरा पोहोच पावतीवर चालकाच्या सहीसह तिथेच लिहिला पाहिजे. दाव्यासाठी वाहतूकदाराला माल सोपवल्यापासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. फोनवर झालेले बोलणे आणि व्हॉट्सॲपवर पाठवलेले ओल्या पोत्यांचे फोटो तिची जागा घेत नाहीत.